शंका-समाधान : त्रैक्य, लग्न आणि शरीर

पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असे तिघे, पण देव एकच, या ख्रिस्ती शिकवणीला त्रैक्य म्हणतात. पेन्टेकॉस्ट या पवित्र आत्म्याच्या आगमनाच्या सणानंतरचा पहिला रविवार म्हणजे त्रैक्य रविवार. त्या दिवशी उपदेशात 'देव प्रेम आहे' यावरून बोलणे बहुधा कुटुंबावर येते आणि मग आमच्याकडे पत्रे येतात. यंदा आलेल्या पत्रांतली काही येथे घेतली आहेत. नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : लग्न ठरलेल्या जोडप्यांच्या शिबिरात एका वक्त्यांनी फळ्यावर त्रिकोण काढला. कोपऱ्यांत पिता, पुत्र, पवित्र आत्मा असे लिहिले, मग त्याखाली नवरा, मूल, बायको. 'घर म्हणजे छोटे त्रैक्य' असे त्यांनी सांगितले. एका मुलीने विचारले, "म्हणजे पवित्र आत्मा ही पित्याची बायको झाली का?" त्यावर वक्त्यांनी विषय बदलला. पुढच्या शिबिरात हा तास मला घ्यायचा आहे. काय सांगू? (मोहननगर)

उत्तर : ताई, त्या मुलीने नेमके दुखऱ्या जागी बोट ठेवले. तो त्रिकोण वापरू नका.

शिबिरांत दोन प्रकारचे त्रिकोण काढले जातात. एकात वर देव, खाली दोन टोकांना नवरा आणि बायको. दोघेही देवाकडे सरकले की आपोआप एकमेकांजवळ येतात. त्याचा त्रैक्याशी संबंध नाही, तो खुशाल काढा. अडचण आहे ती तुम्ही पाहिलेल्या दुसऱ्या त्रिकोणाची.

तो कुठे मोडतो हे पाहायला मध्ययुगापासून चालत आलेली ढालीची आकृती घ्या. तीन कोपऱ्यांत पिता, पुत्र, पवित्र आत्मा आणि मधोमध देव. कोपऱ्यापासून मध्यापर्यंतच्या प्रत्येक रेघेवर 'आहे' असे लिहितात, कोपऱ्यांना जोडणाऱ्या रेघांवर 'नाही'. पिता देव आहे, पुत्र देव आहे, आत्मा देव आहे. पण पिता पुत्र नाही, पुत्र आत्मा नाही, आत्मा पिता नाही. आता मध्ये 'माणूस' लिहा आणि कोपऱ्यांत नवरा, बायको, मूल. सहाही वाक्ये खरी ठरतात, म्हणूनच ही तुलना पटते. मग मोजा. माणसे किती? तीन. देव किती? एक. घराच्या आकृतीत तिघांना जोडणारी फक्त जात एक असते, ती तिघे मिळून एकच माणूस होत नाहीत. त्रैक्य असे समजावले की ऐकणारा नकळत तीन देव घेऊन घरी जातो.

दुसरे म्हणजे उगम. विश्वासांगीकारात, म्हणजे मंडळीने ठरवलेल्या श्रद्धेच्या कबुलीत, पुत्र पित्यापासून जन्मलेला आहे आणि आत्मा पित्यापासून निघतो. पाश्चात्त्य मंडळ्या त्याला 'आणि पुत्रापासून' अशी जोड देतात. घरात मूल दोघांपासून होते. मूल म्हणजे पुत्र धरला, तर आत्मा पुत्राची आई होते, आणि असे कोणताच विश्वासांगीकार म्हणत नाही. मूल म्हणजे आत्मा धरला, तर बायकोच्या जागी पुत्र येतो. कोपऱ्यांतली नावे कशीही फिरवा, एक तरी संबंध भलताच निघतो.

तिसरे, काळ. मूल आईबापांनंतर येते. 'पुत्र नव्हता असा एक काळ होता' हे एरियस या धर्मगुरूचे म्हणणे होते, आणि ते ३२५ साली नायसिया येथे भरलेल्या बिशपांच्या परिषदेने धुडकावले. त्रिकोणात मूल घातले की तेच म्हणणे मागच्या दाराने आत येते.

ही चूक आजची नाही. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला बिशप ऑगस्टीनने त्रैक्यावरच्या आपल्या ग्रंथाच्या बाराव्या भागात पुरुष, स्त्री आणि मूल हीच तुलना घेतली आणि बाजूला ठेवली. देवाने माणसाला आपल्या प्रतिरूपाचे घडवले असे बायबल सांगते. त्यावरून त्याचा युक्तिवाद साधा आहे : तिघे मिळून देवाचे प्रतिरूप होत असेल, तर बायको आणि मूल येईपर्यंत आदाम प्रतिरूप नव्हता असे म्हणावे लागेल, आणि शास्त्र तसे म्हणत नाही. (त्याच भागात पुढे तो स्त्री एकटी, सहकारी म्हणून, प्रतिरूप नाही असे म्हणतो. ते आम्हाला मुळीच मान्य नाही, उत्पत्ती १:२७ लाही ते धरून नाही.) त्याच्याआधी, ३८० साली, कॉन्स्टँटिनोपलमध्ये नाझिआन्झसच्या ग्रेगरी या बिशपने आदाम, हव्वा आणि त्यांचा मुलगा शेथ यांचे उदाहरण दिले होते, पण एकाच मुद्द्यासाठी : एक घडवलेला, एक त्याच्यातून काढलेली, एक जन्मलेला, येण्याची रीत वेगळी असूनही तिघांचे मनुष्यत्व एकच. त्याहून पुढे ही तुलना ताणू नये, असे त्याने तिथेच बजावले.

मग त्रैक्याचा लग्नाशी काहीच संबंध नाही का? आहे, आणि तो भूमिकांच्या जोड्या लावण्यापेक्षा कितीतरी खोल आहे. योहान १७:२४ मध्ये येशू म्हणतो की जगाच्या स्थापनेपूर्वीच पित्याने त्याच्यावर प्रीती केली. म्हणजे प्रीती करायला देवाला जग निर्माण करावे लागले नाही. त्या प्रीतीत वेगळेपण आहे पण उच्चनीच नाही, ऐक्य आहे पण कोणी कोणात विरघळून जात नाही, आणि काही मिळवायचे म्हणून कोणी देत नाही. नवराबायकोच्या प्रीतीला, शरीराच्या प्रीतीलाही, ही दिशा आहे. बाराव्या शतकात सेंट व्हिक्टरच्या रिचर्डने त्यात एक भर घातली : दोघांची प्रीती पूर्ण होते ती दोघे मिळून तिसऱ्यावर प्रीती करतात तेव्हा. ही गोष्ट जोडप्यांना जरूर सांगा, पण तिसरा म्हणजे मूलच, असे सांगू नका. सासूचे आजारपण, शेजारच्या पोराची फी, दारात आलेला माणूस हेही त्यात येतात.

साठ मिनिटांचा तास असा घ्या. पहिली दहा मिनिटे उत्पत्ती १:२६-२८ मोठ्याने वाचून घ्या आणि विचारा, 'प्रतिरूप' हा शब्द कोणत्या ओळीत आहे आणि मुलांचा आशीर्वाद कोणत्या. पुढची वीस मिनिटे करिंथकरांस पहिले पत्र ७:३-५ वर घालवा. पतीच्या शरीरावर पत्नीचा अधिकार आहे हे पौल ज्या काळात लिहितो, त्या काळात ते धक्कादायक होते. आणि काही दिवस वेगळे राहायचे झाले तरी ते दोघांच्या संमतीने, अशी अटही तिथेच आहे. शिबिरांत सर्वांत घाईने उरकला जातो तो हाच उतारा, आणि लग्नानंतर सर्वांत जास्त कामी येतो तोही हाच. मग पंधरा मिनिटे इफिसकरांस ५, मात्र २१ व्या ओवीपासून. २२ पासून सुरुवात केली की 'एकमेकांच्या अधीन असा' हे वाक्यच गळते. पाच मिनिटे मत्तय २२:३०, जिथे पुनरुत्थानात लग्न नाही असे येशू सांगतो. शेवटची दहा मिनिटे चिठ्ठ्यांसाठी. बिननावाच्या चिठ्ठ्या तासाआधीच गोळा करा, कारण सगळ्यांदेखत कोणी शरीराबद्दल विचारत नाही.

कोणी तुम्हाला कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाचा २२०५ वा परिच्छेद दाखवील. त्यात कुटुंब हे पिता आणि पुत्र यांच्या पवित्र आत्म्यातल्या सहभागितेचे चिन्ह आणि प्रतिमा आहे असे म्हटले आहे. ते बरोबरच आहे. पण नीट वाचा : तुलना सहभागितेशी आहे. नवरा म्हणजे कोण आणि मूल म्हणजे कोण, हे तिथे कुठेच नाही.

प्रश्न : 'पिता' आणि 'पुत्र' दोन्ही पुरुष. मग मुली देवाच्या प्रतिरूपाच्या कशा? आत्मा स्त्री आहे असे कुठेतरी वाचले, ते खरे का? (विद्यार्थिनी, सिव्हिल लाइन्स)

उत्तर : देवाला लिंग नाही. कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथ (परिच्छेद २३९ आणि ३७०) देव पुरुषही नाही, स्त्रीही नाही असे स्पष्ट म्हणतो, आणि यावर प्रॉटेस्टंट व ऑर्थोडॉक्स शिकवण वेगळी नाही. 'पिता' हे नाव नाते सांगते : पुत्र ज्याच्यापासून आहे तो. त्यात देह नाही, जोडीदार नाही. म्हणूनच ६७५ साली टोलेडोच्या अकराव्या परिषदेला, पुत्र 'पित्याच्या गर्भातून' जन्मला, असे लिहिताना संकोच वाटला नाही. बापाला गर्भ नसतो हे त्या बिशपांना ठाऊक होतेच. पुत्र शून्यातून घडवलेला नाही, पित्याच्याच तत्त्वातून आहे, एवढे त्यांना ठासून सांगायचे होते.

आत्म्याबद्दल तुम्ही वाचलेत त्याला आधार आहे. सुरुवातीच्या सिरियन ख्रिस्ती लेखनात आत्म्याविषयी स्त्रीलिंगी बोलत. त्यांच्यातला चौथ्या शतकातला लेखक अफ्राहात तर 'पुरुष आपल्या आईबापांस सोडील' याचा अर्थ लावताना बाप म्हणजे देव आणि आई म्हणजे पवित्र आत्मा असे लिहितो. प्रार्थनेची भाषा म्हणून हे सुंदर आहे. पण त्यावरून 'दोन पुरुष आणि एक स्त्री' असा हिशेब मांडला की पुन्हा मोहननगरच्या फळ्यावरच येऊन पोचतो. भाषेतल्या लिंगावरून देवाचे लिंग ठरवणाऱ्यांना नाझिआन्झसच्या ग्रेगरीने ३८० सालीच खडसावले होते.

तुमच्या मूळ प्रश्नाला उत्पत्ती १:२७ पुरेसे आहे. नर व नारी दोघांनाही त्याच एका वाक्यात प्रतिरूप म्हटले आहे. आणि यशया ६६:१३ मध्ये देव स्वतःच्या सांत्वनाला आईच्या सांत्वनाची उपमा देतो.

प्रश्न : नवरा हात उचलतो. पाळकांकडे गेले तर म्हणाले, "पुत्र पित्याच्या अधीन आहे, तसे तू नवऱ्याच्या अधीन राहा. पुत्राने वधस्तंभ सोसला." मी काय करू? (उत्तर नागपूर)

उत्तर : ताई, पहिली गोष्ट सुरक्षिततेची. मार सोसणे हा ख्रिस्ती बायकोचा धर्म नाही. महिलांसाठीच्या १८१ या हेल्पलाइनवर फोन करा, जीवाला धोका वाटला तर ११२ वर. नागपूर पोलिसांच्या भरोसा सेलमध्ये अशा तक्रारी घेतल्या जातात. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा २००५ चा कायदा तुम्हाला त्याच घरात राहण्याचा हक्क आणि न्यायालयाकडून संरक्षणाचा आदेश मिळवून देऊ शकतो. संरक्षण अधिकारी अर्ज भरायला मदत करतात. माराच्या खुणांचे फोटो आणि दवाखान्याचे कागद घराबाहेर, विश्वासातल्या माणसाकडे ठेवा.

आता शिकवणीचे. तुम्हाला जे सांगितले ते चुकीचे आहे, आणि का चुकीचे हे तुम्हाला माहीत असायला हवे, कारण ते वाक्य तुम्हाला पुन्हा ऐकवले जाईल.

गेथशेमाने बागेत येशू म्हणाला, माझी नव्हे तर तुझी इच्छा होवो. ही कोणाची इच्छा? ६८०-६८१ साली कॉन्स्टँटिनोपलच्या तिसऱ्या परिषदेत हाच प्रश्न होता. निर्णय असा : ख्रिस्ताला दोन इच्छा आहेत, एक दैवी आणि एक मानवी, कारण इच्छा ही स्वभावाबरोबर येते. मग पिता, पुत्र आणि आत्मा यांचा दैवी स्वभाव एकच असल्याने त्यांची दैवी इच्छाही एकच. बागेत आज्ञा पाळली ती ख्रिस्ताच्या मानवी इच्छेने, आपल्यासाठी माणूस होऊन. अनादिकाळापासून पुत्र पित्याच्या हुकमाखाली आहे आणि तोच घरातल्या सत्तेचा नमुना, असे म्हणायचे तर देवात दोन इच्छा मानाव्या लागतात, एक हुकूम देणारी आणि एक ऐकणारी. मग एक देव उरत नाही.

हाच वाद २०१६ साली इंग्रजी भाषक इव्हँजेलिकल मंडळ्यांतही जोरात झाला. काही नामवंत शिक्षक बायकोच्या अधीनतेला पुत्राच्या 'सनातन अधीनते'चा आधार देत होते, आणि त्यांना खोडून काढणाऱ्यांत घरात पतीला मस्तक मानणारे लोकही होते. त्यांनी सांगितले, पतीच्या मस्तकपणाबद्दल तुमचे मत काहीही असो, त्यासाठी त्रैक्य वाकवू नका.

करिंथकरांस पहिले पत्र ११:३ कोणी पुढे केले, तर तिथे 'ख्रिस्ताचे मस्तक देव' असे आहे, म्हणजे देहधारी ख्रिस्ताविषयी बोलणे चालले आहे. आणि इफिसकरांस ५:२५ मध्ये वधस्तंभाचा नमुना पौल कोणापुढे ठेवतो ते पाहा : नवऱ्यापुढे. ख्रिस्ताने स्वतःला दिले तसे पतीने द्यावे. सोसण्याचे वाक्य बायकोच्या गळ्यात घालणाऱ्याने ही ओवी उलटी वाचली आहे.

१९७० साली नागपुरातच स्थापन झालेले चर्च ऑफ नॉर्थ इंडिया असो की येथील कॅथलिक महाधर्मप्रांत, दोघेही नायसियाचाच विश्वासांगीकार मानतात. तुमच्या पाळकांच्या वरच्या व्यक्तीकडे लेखी तक्रार करायला तुम्ही मोकळ्या आहात. जाताना एकट्या जाऊ नका.

प्रश्न : शेजारी म्हणतात, तुमचे त्रैक्य म्हणजे आमची त्रिमूर्तीच. हो म्हणावे का? (जरीपटका)

उत्तर : प्रेमाने म्हणतात, प्रेमानेच उत्तर द्या, पण हो म्हणू नका. निर्मिती, पालन आणि संहार अशी कामांची वाटणी त्रैक्यात नाही. तिघांचे प्रत्येक काम एकच असते. एकच देव तीन वेळा तीन रूपे घेतो असेही नाही, ते तिसऱ्या शतकातल्या सॅबेलियस या शिक्षकाचे मत म्हणून मंडळीने नाकारले. आपल्या परंपरेतला जवळचा शब्द हवा असेल तर सच्चिदानंद पाहा. ब्राह्मो समाजाचे केशवचंद्र सेन यांनी १८८२ साली आणि नंतर ख्रिस्ती झालेले ब्रह्मबांधव उपाध्याय यांनी त्याच वाटेने विचार केला. उपाध्यायांचे संस्कृत स्तोत्र १८९८ चे आहे. त्या शब्दाचा आणखी एक गुण म्हणजे त्यात नवराबायको नाहीत.

प्रश्न : लग्नाला अकरा वर्षे झाली, मूल नाही. त्रैक्य रविवारी 'दोन होते, तिसरा आला, घर देवासारखे झाले' असे ऐकून पत्नी उपासनेतून उठून गेली. (मानकापूर)

उत्तर : ती उठून गेली ते योग्यच होते. पत्नीबरोबर बसून उत्पत्तीचा पहिला अध्याय उघडा. प्रतिरूप २७ व्या ओवीत आहे, फलद्रूप होण्याचा आशीर्वाद २८ व्या. प्रतिरूप आधी पूर्ण होते, आशीर्वाद नंतर येतो. चौथ्या शतकातला निसाचा ग्रेगरी तर याहून पुढे जातो : देवाच्या प्रतिरूपात नर-नारी हा भेदच नाही, तो नंतर जोडलेला आहे. शरीराबद्दलचा त्याचा हा संकोच आम्हाला जास्त वाटतो, कारण शास्त्र देहाला चांगला म्हणते. पण प्रतिरूप मुलांवर अवलंबून नाही, हे त्याने अचूक धरले.

कलस्सैकरांस १:१५ मध्ये अदृश्य देवाचे प्रतिरूप ज्याला म्हटले आहे, तो येशू अविवाहित होता आणि त्याला मूलबाळ नव्हते. मूल हीच प्रतिरूपाची खूण असेल, तर ती सर्वांत आधी त्याच्यापाशीच सापडत नाही. विसाव्या शतकात कार्ल बार्थ या धर्मशास्त्रज्ञाने प्रतिरूप हे स्त्री-पुरुषांच्या मी-तू नात्यात पाहिले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १४ नोव्हेंबर १९७९ च्या प्रवचनात माणूस व्यक्तींच्या सहभागितेतूनही देवाचे प्रतिरूप होतो असे सांगितले. दोघांनीही घरातल्या माणसांची मोजणी केली नाही. तुम्ही दोघे ती सहभागिता अकरा वर्षे जगत आहात.

पाळकांना सांगायचे असेल तर रविवारी दाराशी हात मिळवताना नको. आठवड्यात वेळ मागून जा आणि नेमके कोणते वाक्य लागले तेच सांगा.

प्रश्न : आमच्या मुलाने सांगितले की त्याला मुलींचे आकर्षण नाही, मुलांचे आहे. मंडळीतले एक जण म्हणतात, हे त्रैक्याच्याच विरुद्ध आहे. (सदर)

उत्तर : भाऊ, त्रैक्यावरून असे सिद्ध होत नाही. पिता आणि पुत्र वेगळे आहेत ते उगमाच्या नात्याने. तो स्त्री-पुरुषांचा भेद नव्हे, म्हणून 'देवात भेद आहे, तेव्हा जोडप्यातही नर-नारी भेद हवाच' हा तर्क लागू पडत नाही. उलट बाजूने 'देव प्रेम आहे, तेव्हा कोणतेही प्रेम चालेल' असे म्हणणारेही त्रैक्यावर तितकेच जास्तीचे ओझे टाकतात. या प्रश्नावर मंडळ्यांचे मतभेद आहेत, आणि ते उत्पत्ती १-२, मत्तय १९ आणि रोमकरांस १ यांच्या वाचनावरून आहेत. कॅथलिक शिकवण समलिंगी संबंधांना मान्यता देत नाही. कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाचाच २३५८ वा परिच्छेद अशा व्यक्तींना आदर, सहानुभूती आणि संवेदनशीलतेने स्वीकारावे, अन्यायकारक भेदभाव करू नये, असे बजावतो. पहिला भाग ठाऊक असलेल्यांना दुसरा बहुधा वाचून दाखवावा लागतो.

घरात काय करायचे ते जास्त तातडीचे आहे. 'बदलून देतो' म्हणणाऱ्या कोणाकडेही त्याला नेऊ नका, मग तो डॉक्टर असो की प्रार्थना करणारा. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली असे उपचार हे डॉक्टरांचे व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहे. लग्न लावून प्रश्न सुटेल असे नातेवाईक सुचवतील. त्यात एका मुलीचेही आयुष्य अडकते, आणि खऱ्या संमतीशिवायचा विवाह चर्चही विवाह मानत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालानंतर प्रौढांमधले संमतीचे संबंध गुन्हा राहिलेले नाहीत, म्हणून पोलिसांची भीती कोणी घातली तर तिला बळी पडू नका. तो जेवत नसेल, झोपत नसेल, जगण्याचा कंटाळा बोलून दाखवत असेल, तर टेली मानसच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोलता येते, तुम्हालाही आणि त्यालाही.

आणि मंडळीतल्या त्या सद्गृहस्थांना ही गोष्ट कळली कशी, हे मुलाला विचारा. तुमच्याकडून गेली असेल तर त्याची क्षमा मागा. यापुढे कोणाला, अगदी पाळकांनासुद्धा, केव्हा आणि किती सांगायचे हे त्यालाच ठरवू द्या.